परत सोडलेल्यांचा रकाना

मला खेकडे आवडत नाहीत. खायला नाहीत आणि हातात धरायला तर नाहीतच. हे आधी सांगून टाकतो, कारण माझ्या नावाआधी डॉक्टर लागतं ते खेकड्यांमुळे, आणि लोकांची समजूत अशी की माणूस ज्या प्राण्यापाठी पाच-सहा वर्षं घालवतो त्याच्यावर त्याचा जीव असतो. माझा नव्हता. ज्या वाडीत जाऊन मी ते मोजले त्या वाडीवरही नव्हता, आणि वाडीचा माझ्यावर नव्हता. आम्ही एकमेकांना सहन करायचो. पुढे तेवढंही उरलं नाही, आणि त्याला कारण मी. हे मी आजवर बायकोला सांगितलेलं नाही. ती हे वाचेल तेव्हाच तिला कळेल.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. कोल्हापुरातल्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवत होतो. पीएच.डी.शिवाय पुढे सरकता येणार नव्हतं. माझे मार्गदर्शक म्हणाले, "पंचगंगेतल्या माशांवर आता माशांपेक्षा प्रबंध जास्त झालेत. तू खेकडे घे. गगनबावड्याच्या बाजूला ओढ्यांत किती आहेत, किती धरले जातात, आणि असंच चाललं तर किती उरतील, एवढंच काढ. इकडे कुणी केलेलं नाही." कुणी केलेलं नाही, या तीन शब्दांसाठी मी हो म्हणालो.

वाडी घाटमाथ्याच्या अलीकडे होती. पंधरा-वीस घरं आणि खाली ओढा. पावसाळ्याचे चार महिने वाडीतली माणसं संध्याकाळी ओढ्यात बांबूचे सापळे लावायची आणि सकाळी उचलायची. थोडे खेकडे घरी खायला, बाकीचे गवताच्या दोरीत ओवून रस्त्याकडेला विकायला. सर्दी झालेली कोल्हापूरची माणसं रश्शासाठी ते हौसेनं न्यायची. कुठल्या डोहात कुणी सापळा लावायचा हे एक बाई ठरवायची. पन्नाशीची, उंच, आवाज असा की ओढ्यापलीकडच्या माणसाला हाक मारायला तिला तोंडाला हात लावावा लागत नसे. मी तिला मावशी म्हणायचो. तिच्या घरापुढच्या सोप्यावर बसून मी मोजणी करायचो.

पहिल्या एसटीनं जायचं. सोप्यावर पोतं टाकून बसायचं. माणसं बुट्ट्यांत, म्हणजे टोपल्यांत, खेकडे घेऊन यायची. एकेक खेकडा उताणा करायचा. पोटावरची पट्टी अरुंद असेल तर नर, रुंद असेल तर मादी. मग व्हर्नियर कॅलिपरनं पाठीची रुंदी घ्यायची आणि वहीत लिहायची. माणसं भोवती उभी राहून मजा बघायची.

"मास्तर, अंगाचं माप घेताय व्हय? कापड कुठलं घालनार?"

"आरं, सोयरीक बगत्यात ते. आमच्या थोरल्याचंबी बगा की जरा, कुटं जुळतंय का."

हसायचे सगळे. मी हसायचो नाही. मला त्या ओल्या सोप्याचा, त्या वासाचा, त्या थट्टेचा राग यायचा. नांगीनं बोट फुटलं की जास्त हसायचे. दोन पावसाळे मी असे काढले आणि त्या दोन पावसाळ्यांत एकदाही ओढ्यात उतरलो नाही. जळवा होत्या, शेवाळ होतं. मला वाटायचं, ओढ्यात जे आहे ते बुट्टीतून वर येतंच आहे, मग खाली जायचं कशाला.

मोजून झालेल्या आकड्यांचं काय करायचं, हा खरा प्रश्न. माशाच्या खवल्यावरून वय काढता येतं, खेकड्याचं येत नाही. तो जुनं कवच टाकतो आणि नवं घेतो. जुन्याबरोबर सगळा पुरावा जातो. परदेशातल्या काही मत्स्यशास्त्रज्ञांनी समुद्रातल्या खेकड्यांसाठी एक प्रोग्राम लिहिला होता. नुसत्या आकारावरून आणि पकडीवरून पाण्यात दरवर्षी किती खेकडे असतील याचा अंदाज तो काढायचा. तो फुकट होता, आणि त्याचा सगळा कोड त्यांनी नेटवर उघडा ठेवला होता.

तो माझ्यासाठी उतरवून घेतला आमच्या कॉम्प्युटर विभागातल्या एका मुलानं. मुलगा म्हणजे तिशीचा माणूस. तासिका तत्त्वावर शिकवायचा. गडहिंग्लजकडचा, घरचं किराणा दुकान, घरात कन्नड आणि बाहेर मराठी. राजारामपुरीतल्या सायबर कॅफेत बसून त्यानं तो प्रोग्राम फ्लॉप्यांवर घेतला. एक फ्लॉपी खराब निघाली, तर दुसऱ्या दिवशी परत जाऊन बसला. मग कॉलेजनं मोडीत काढलेल्या एका मशीनवर लिनक्स टाकून अख्खी दुपार त्यानं तो चालता केला. लॅबबाहेर चप्पल काढून आत जायचं, एसी बंद पडलेला असायचा, आणि हा पडद्याकडे बघत एकटाच हसत असायचा.

"सर, हितं झाकूनपाकून काय न्हाय. वळ न् वळ वाचा. चुकलेलं दिसलं तर कळवा, ती माणसं दुरुस्त करत्यात."

मला त्याचा तो भाबडेपणा चीड आणायचा. माझ्यापेक्षा लहान, माझ्यापेक्षा कमी पगाराचा, आणि माझ्या विषयातला प्रोग्राम त्याला माझ्याहून जास्त कळत होता.

प्रोग्रामला एक साधी मजकुराची फाईल द्यावी लागे. सापळे किती, नर किती, माद्या किती, रुंदी किती. आणि शेवटी एक रकाना होता: पकडून परत पाण्यात सोडलेले.

"ह्यात काय घालू?" त्यानं विचारलं.

"शून्य."

"सर, शून्य म्हंजे आपण बघितलं आणि एकबी सोडलेला न्हाय. म्हाईत नसलं तर वजा एक घालायचा. हे बघा, लिवलंय हितं. मग तो आपला अंदाज सैल धरतोय."

"शून्यच घाल. गरीब लोक आहेत ते. हाताला लागलेलं सोडतील होय?"

त्यानं शून्य घातलं. इथवर माझी चूक ही चूक होती. तिरस्कारातून झालेली, पण चूकच.

तिसऱ्या पावसाळ्यात एका सकाळी सोप्यावर कुणी आलंच नाही. रात्रीच्या पाण्यानं सापळे खाली वाहून गेले होते आणि सगळी वाडी ते शोधायला ओढ्यात होती. परतीची एसटी दुपारी होती. मी चडफडत खाली उतरलो.

मावशी गुडघाभर पाण्यात उभी होती. सापळ्यातून एकेक खेकडा काढून, उताणा करून पोटाकडे बघत होती. काही बुट्टीत टाकत होती. काही दगडाखाली ठेवून, पाण्यानं जाऊ नये म्हणून वर दुसरा दगड लावत होती.

"हे काय करताय?"

तिनं एक खेकडी माझ्यापुढे धरली. पोटावरच्या पट्टीखाली मोहरीएवढी पिल्लं वळवळत होती. "लेकुरवाळी हाय न्हवं."

"अशा किती सोडता?"

"मोजतंय कोन? जे आमचं न्हवंच ते मोजायचं व्हय?" मग दुसरा सापळा ओढत ती म्हणाली, "आन् तुमी यायला लागल्यापास्नं तर लईच सोडतोय बगा. म्हटलं, सरकारचा मानूस रोज वहीत लिवतोय, उगंच बोल लागाय नगो. जरा पोट रुंद दिसलं तरी सोडा, असं सांगून ठिवलंय म्या सगळ्यास्नी."

मी सरकारचा माणूस नव्हतो. तसं मी कधी सांगितलंही नव्हतं, पण नाही असंही सांगितलं नव्हतं. तो समज मला सोयीचा होता.

मी तिथं पाण्यात उभा होतो आणि मला सगळं कळलं. माझ्या आकड्यांत माद्या दरवर्षी घटत होत्या. प्रोग्राम सांगत होता की साठा कोसळतो आहे. प्रत्यक्षात माद्या ओढ्यात होत्या, तिथेच दगडाखाली. त्या बुट्टीत येत नव्हत्या, कारण मी सोप्यावर बसून बुट्ट्या मोजत होतो.

त्या हंगामातल्या उरलेल्या सकाळी मी ओढ्यात उतरलो आणि सोडलेल्या माद्या वेगळ्या वहीत लिहिल्या. बुट्टीत जवळपास जेवढ्या जायच्या तेवढ्याच परत पाण्यात जात होत्या. म्हणजे मला माहीत नव्हतं असं मला आता कुठंच म्हणता येत नाही.

पण तोवर प्रबंधाचं मुख्य प्रकरण टाईप झालं होतं. मार्गदर्शकांनी त्यातला आलेख एका परिषदेत दाखवला होता. डावीकडून उजवीकडे सरळ उतरत गेलेली रेषा. ते म्हणाले होते, "असा आलेख मिळायला नशीब लागतं." सोडलेल्यांचा आकडा घातला असता तर रेषा आडवी झाली असती, आणि आडव्या रेषेवर कोण काय बोलणार? मी ती दुसरी वही कपाटात ठेवली, कपाटाला कुलूप लावलं, आणि तिसऱ्या वर्षाच्या रकान्यात माझ्या हातानं शून्य टाईप केलं. त्या दिवशी कॉम्प्युटरवाल्याला मी बोलावलं नाही.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "या निष्कर्षाची खात्री काय?"

मी म्हणालो, "सर, प्रोग्राम ओपन सोर्स आहे. जगातला कुणीही त्याची ओळ न् ओळ तपासू शकतो." ते प्रभावित झाले. शब्द नवा होता तेव्हा.

प्रबंधाचा सारांश एका सरकारी कार्यालयात गेला. वर्षभरात समिती झाली आणि तज्ज्ञ म्हणून मलाच बोलावलं. ओढ्यावर पावसाळ्यात खेकडे धरायला बंदी घालावी असा मसुदा तयारच होता. कारण म्हणून माझा आलेख जोडला होता. अध्यक्षांनी विचारलं, "स्थानिक लोकांचं काय म्हणणं?" कुणी बोललं नाही. मीही बोललो नाही. सही केली. चहा-बिस्किटं आली.

त्या पावसाळ्यात ओढ्यावर बंदीचा बोर्ड लागला आणि सरकारी माणसांनी वाडीचे सापळे जप्त करून ओढ्याकाठी फोडले. हे मी पाहिलं नाही. मावशीनंच येऊन सांगितलं. भर दुपारी, कॉलेजच्या व्हरांड्यात, दोन तासिकांच्या मधल्या सुट्टीत, पोरं बाहेर पडलेली असताना. कुणाला तरी विचारत विचारत ती एसटी स्टँडवरून चालत आली होती.

"मास्तर! लिवलं काय तुमी आमच्यावर?"

मी म्हणालो, "मावशी, इथं नको. आत या."

"आत कशाला? हितंच सांगा की! तुमच्या डोळ्यादेकत सोडल्या का न्हाय लेकुरवाळ्या? तुमीच लिवत हुतासा वहीत. मंग आमी माद्या खाऊन संपीवल्या म्हनून बोर्ड कुनी लावला?"

पोरं गोळा झाली. कुणीतरी मागून शिट्टी मारली. मला राग आला होता, तिचा, तिच्या चिखलानं भरलेल्या पायांचा.

"मी काही ठरवलेलं नाही," मी म्हणालो. "ते कॉम्प्युटरनं काढलंय."

पहिल्यांदाच तिनं मला अरेतुरे केलं. "कंपूटर पान्यात उतरलाता व्हय रं? तू उतरलातास!"

गर्दीच्या कडेला कॉम्प्युटरवाला उभा होता. त्यानं सगळं ऐकलं. ती गेल्यावर तो माझ्याकडे आला.

"सर, कुठली वही?"

"कुठलीच नाही. अडाणी बाई आहे."

"सर, सोडलेल्या माद्या लिवलेली वही हाय का तुमच्याकडं?"

"होती. भिजली. टाकून दिली."

दोन दिवसांनी आमच्या विभागाच्या सूचनाफलकावर डॉट मॅट्रिक्सवर छापलेला एक लांब कागद टाचलेला दिसला. त्यानं माझीच फाईल घेतली होती आणि शेवटच्या रकान्यात तिन्ही वर्षांसाठी वजा एक घालून प्रोग्राम चालवला होता. अंदाज इतका सैल झाला होता की वरची आणि खालची रेषा कागदाच्या दोन्ही कडांना टेकल्या होत्या. खाली पेनानं लिहिलं होतं: एवढ्या माहितीवर खेकडे वाढले की घटले ते सांगता येत नाही. शून्य कुणी पाहिलं?

मी तो कागद फाडला. मग प्राचार्यांकडे जाऊन लेखी तक्रार केली की कॉम्प्युटर विभागातले तासिकेवरचे शिक्षक कॉलेजचा कागद आणि प्रिंटर खासगी कामासाठी वापरतात आणि वरिष्ठांच्या संशोधनाची बदनामी करतात. पुढच्या वर्षी त्याला तास मिळाले नाहीत. जायच्या दिवशी तो स्टाफरूमच्या दारात आला, मला कन्नडमध्ये एक वाक्य म्हणाला आणि गेला. मला कन्नड येत नाही. अर्थ मी कुणाला विचारला नाही.

त्यानंतर सहा-सात वर्षं गेली. मला बढती मिळाली. आलेख दोन पाठ्यपुस्तकांत छापून आला. मी पोरांना तो फळ्यावर काढून दाखवायचो.

वही मी फाडली नव्हती. का, ते सांगता येत नाही. धाडसानं म्हणाल तर धाडस माझ्यात नाही. बहुधा आळसानं. विभाग नव्या इमारतीत हलला तेव्हा कपाट रिकामं करावं लागलं आणि ती हातात आली. त्या आठवड्यात मी त्या प्रोग्रामची नवी आवृत्ती उतरवून घेतली, तेव्हा नेट घरीच आलं होतं, आणि खरे आकडे भरले. माझ्या हातात खरे आकडे तिसऱ्या वर्षाचेच होते, म्हणून पहिल्या दोन वर्षांना वजा एक दिला. त्या दोन वर्षांचा अंदाज सैलच राहिला, पण मधली रेषा आडवी आली. उतार नव्हता.

दोन्ही फाईली जोडून मी त्या सरकारी कार्यालयाला अर्ज लिहिला: मूळ अहवालात परत सोडलेल्या माद्या धरलेल्या नव्हत्या, चूक माझी आहे, बंदीचा फेरविचार व्हावा. 'चूक' असाच शब्द लिहिला. त्याहून खरा शब्द तेव्हा उतरला नाही. उत्तर तीन महिन्यांनी आलं. जुन्या आकड्यांवर आता काही करता येत नाही. बंदी उठवायची तर आजच्या साठ्याचा नवा अहवाल द्यावा.

म्हणून मी पुन्हा ओढ्यावर गेलो. वाडीत कुणी सापळा लावत नव्हतं, त्यामुळे कार्यालयाची परवानगी काढून मी स्वतः विकत घेऊन लावले. जळवा लागल्या, लागू दिल्या. पूर्ण हंगाम उतरलो, प्रत्येक खेकडा उताणा केला, सोडलेला प्रत्येक लिहिला. आणि दुसऱ्याच आठवड्यात ध्यानात आलं की सापळे रिकामे येत आहेत.

वाडी ओढ्यावर होती तोवर बाहेरचा माणूस त्या डोहात हात घालू शकत नव्हता. मावशीनं पाय मोडला असता. बंदी आली, वाडी हटली, आणि ओढा राखणारं कुणी राहिलं नाही. मग गाड्या घेऊन लोक यायला लागले. दगड उलटे करून पोतीच्या पोती न्यायचे, लेकुरवाळी बघायचे नाहीत, बोर्डाखाली गाडी लावायचे. नवे आकडे मी तिसऱ्या वर्षाच्या खऱ्या आकड्यांपुढे जोडून प्रोग्रामला दिले. रेषा डावीकडून उजवीकडे सरळ उतरली. माझ्या जुन्या आलेखासारखीच, किंचित जास्त उभी. या वेळी रकान्यात शून्य नव्हतं. एकेक खरा आकडा होता.

अहवाल पाठवायच्या आधी मी मावशीकडे गेलो. तिचे केस पांढरे झाले होते, आवाज तसाच. सोप्यावर बस म्हणाली नाही. अंगणात उभा राहून मी तिला सगळं सांगितलं: पहिलं शून्य कसं, तिसरं शून्य कसं, वही कुठं होती.

"मंग आता खरं घाटलंस?"

"घातलं."

"काय म्हनतंय ते?"

"तेव्हा खेकडे भरपूर होते म्हणतंय."

"ते म्या सांगितलं नसतं व्हय तुला? तवाच?"

मी म्हणालो, कार्यालय आजचे आकडे मागतंय. आजचे आकडे पाठवले तर बंदी राहणार. तिच्या घरातून सून बाहेर येऊन उभी राहिली, शेजारचे दोघे आले.

"मंग खोटं घाल," मावशी म्हणाली. "येतंय की तुला. तुझ्या डिग्रीसाठी घाटलंस, आता आमच्यासाठी घाल. ओढा आमच्या ताब्यात आला की आमी राखतोय, धा वर्सांत पयल्यागत हुतोय. तुझ्या कंपूटरला ते कळतंय का?"

प्रोग्रामला ते कळत नव्हतं. त्यात त्याचा रकाना नव्हता. मला मात्र कळत होतं, आणि ती बरोबर बोलत होती हेही कळत होतं.

"मी आता खोटं लिहिणार नाही, मावशी."

हे मी म्हणालो तेव्हा मला स्वतःबद्दल बरं वाटलं. हीच कबुली द्यायची होती मला, बाकीचं सगळं यापुढे किरकोळ आहे. अंगणात उभा राहून, तिचा ओढा दुसऱ्यांदा घालवताना, मला बरं वाटलं.

"तुझं खोटंबी आमच्याच टाळक्यात आन् खरंबी आमच्याच," ती म्हणाली. "जा. पुन्ना वाडीत पाय ठिवू नगोस."

अहवाल मी पाठवला. बाहेरून येणाऱ्या गाड्यांबद्दल आणि वाडीनं ओढा कसा राखला होता याबद्दल चार पानं सोबत जोडली. कार्यालयानं आलेख ठेवला, पानांबद्दल काही कळवलं नाही. बंदी वाढली. फाईली, दोन्ही वह्यांतले आकडे आणि खरी हकिगत मी नेटवर त्या प्रोग्रामच्या लोकांच्या ई-मेल यादीवर टाकली. कुणीतरी दूरच्या देशातून आभार मानले आणि विचारलं की रुंदी मिलिमीटरमध्ये आहे का.

त्या दिवशी अंगणातून निघून मी फाट्यावर आलो. एसटीला वेळ होता आणि पाऊस गगनबावड्याचा होता, आडवा. निवाऱ्याच्या शेडमध्ये वाडीतली पाच-सहा माणसं आधीच उभी होती. मी आत शिरलो. एकानं बुट्टी उचलली आणि तो बाहेर गेला. मग दुसरा. मग एक म्हातारा, पोत्याची खोळ डोक्यावर ओढून. शेवटी सगळीच बाहेर रस्त्याकडेला पावसात उभी राहिली, माझ्याकडे पाठ करून, आणि गाडी येईपर्यंत मी शेडमध्ये एकटा, कोरडा उभा होतो.